सीट आपल्या मापाची

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे 'हे' कामासाठी एसटीने कोल्हापूरला गेलेले, गाडी दारातच उभी. संध्याकाळी सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मनगट बघता बघता टम्म सुजलं. शेजारच्या काकूंनी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं आणि मी किल्ली घेतली. गाडी मला येते. लायसन्स आहे. चार वर्षं मंडई, मुलांचे क्लास, बचत गटाच्या मीटिंगा, सगळं मीच चालवत जात होते. त्यामुळे भीती अशी वाटली नाही.

बाजारपेठेतल्या चढावर पुढचा ट्रॅक्टर एकदम थांबला. मी ब्रेक दाबला, क्लच दाबला. पण घाईत क्लच पुरता खालपर्यंत जाईना. पायाची नुसती बोटंच पोचत होती. गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. ब्रेकवरचा पाय सैल झाला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागे रिक्षा होती. ठप्पकन आवाज आला. सासूबाई ओरडल्या, काकूंनी देवाचं नाव घेतलं, मी हँडब्रेक ओढला.

रिक्षावाला उतरला. आता भांडण होणार म्हणून मी कोरडा घसा गिळला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली माझ्या पायांकडे. म्हणाला, "वहिनी, पाय पोचंना झालाय तुमचा. सीट पुढं घ्या की!" मी म्हटलं, "हो, पण…" पुढे काय बोलणार? त्याने सीटखालचा दांडा दाखवला. मी तो उचलला, पुढे सरकले. खट्, खट्, खट्. क्लच सहज तळाला टेकला. चार वर्षांत पहिल्यांदा!

सासूबाईंच्या मनगटाला प्लास्टर लागलं, रिक्षाच्या पत्र्याला किरकोळ पोचा आला, तो मी भरून दिला. एवढ्यावर निभावलं. पण रात्री झोप येईना. रिक्षाच्या जागी शाळेतून येणारं एखादं सायकलवरचं पोर असतं तर? आणि सीट पुढे घेता येते हे मला माहीत नव्हतं का? होतं की! मग मी चार वर्षं ती का घेतली नाही?

उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणंही. गाडी नवी होती तेव्हा मी सीट पुढे घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीत बसायला गेले की गुडघा स्टिअरिंगला आपटायचा आणि घरात हाक यायची, "माझी सीट कुणी हलवली?" रागाने नाही हो, सवयीने. पण ती 'माझी सीट' माझ्या मनात बसली. रोज कटकट कशाला, म्हणून मी सीटला हात लावणंच सोडलं. पाठीमागे सोफ्यावरची उशी घ्यायची, सीटच्या काठावर बसायचं, स्टिअरिंगला लोंबकळायचं आणि गाडी हाणायची. पाठ दुखली की म्हणायचं, वय झालं!

पुढच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये मी हा किस्सा सांगितला. आमच्यात गाडी चालवणाऱ्या बायका आता बऱ्याच आहेत. विचारलं, "तुमच्यापैकी सीट हलवून कोण बसतं?" सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एकीचे सासरे ओरडतात. एकीला दांडा कुठे आहे तेच ठाऊक नाही. एक म्हणाली, "अगं, गाडी हातात देतात हेच खूप, त्यात आणखी सीटचे नखरे कुठे!"

मैत्रिणींनो, हा 'नखरे' शब्द मला खटकला. घर बांधताना आपण गवंड्याला सांगतो की नाही, ओटा माझ्या उंचीचा कर म्हणून? ओटा उंच झाला तर खांदे भरून येतात, ठेंगणा झाला तर कंबर मोडते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिलाई मशीनसमोरचं स्टूलही आपण आपल्या मापाचं घेतो. ब्लाउज दुसरीच्या मापाचा चालत नाही. मग जी वस्तू आपल्याला, आपल्या लेकरांना घेऊन ताशी साठ-सत्तरच्या वेगाने पळते, तिथेच तेवढं दुसऱ्याच्या मापात का बसायचं?

आणि हे माप फक्त आपल्या घरातच पुरुषाचं असतं असं नाही. गाडी किती सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी कंपन्या तिची मुद्दाम धडक घडवतात. आत माणसाऐवजी बाहुला बसवतात. या चाचण्यांत सर्वांत जास्त वापरला गेलेला बाहुला अमेरिकेत १९७०च्या दशकात तयार झाला. उंची साधारण १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास, म्हणजे चांगला पावणेसहा फुटी बाप्या! बाईच्या नावाची जी बाहुली आहे ती जेमतेम पाच फुटांची, पन्नास किलोच्या आतली. अमेरिकेच्या सरकारी मानांकनात समोरच्या धडकेच्या चाचणीला तिला वर्षानुवर्षं बसवलं गेलं ते ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. म्हणजे तिथेही बाई शेजारीच! मध्यम बांध्याच्या बाईचं माप घेतलेली, मागून बसणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठीची बाहुली स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईंनी जगापुढे आणली तेव्हा २०२२ साल उजाडलं होतं.

याचा परिणाम होतो का? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासून सांगितलं, की सारख्या अपघातात, बेल्ट लावलेला असतानाही, बाई ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याचा संभव पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होता. पुढे २०२१ मध्ये तिथल्याच विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने म्हटलं, की यातला बराच फरक बायका लहान, हलक्या गाड्या चालवतात म्हणूनही पडतो. पण पायांच्या दुखापती बायकांना जास्त होतात, हे त्यांनाही आढळलं. गाडीची रचना बदलणं काही आपल्या हातात नाही. पण त्या गाडीत कसं बसायचं, हे तर आपल्या हातात आहे ना? त्याला दोन मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही.

आता ही दोन मिनिटं कशी वापरायची ते सांगते. गाडी सपाट जागी उभी हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. चालत्या गाडीत सीट किंवा स्टिअरिंग कधीच हलवायचं नाही. आणि क्रम महत्त्वाचा. आधी सीट, मग पाठ, मग स्टिअरिंग, मग डोक्याची उशी आणि बेल्ट, आरसे सर्वांत शेवटी. आरसे आधी लावून मग सीट सरकवली, की ते पुन्हा लावावे लागणारच.

पहिलं, अंतर. कंबर सीटच्या कोपऱ्यात पार मागे टेकवून बसा. डाव्या पायाने क्लच तळाला टेकेपर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय काठीसारखा ताठ झाला तर सीट लांब आहे. गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या भागाला लागत असेल तर जास्तच जवळ आहे. मग उजव्या पायाने ब्रेक जोरात दाबून बघा. टाच खाली टेकलेली आणि तळव्याचा पुढचा गादीसारखा भाग पेडलवर. नुसत्या बोटांनी ब्रेक लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते! क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून हेच माप घ्या. सीट सरकवल्यावर ढुंगणाने मागे-पुढे हिसका देऊन बघा. खटका नीट बसला नसेल तर अचानक ब्रेक लावताना सीटच सरकते.

दुसरं, उंची. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटच्या उजव्या बाजूला हँडब्रेकसारखा दांडा असतो. तो वरखाली केला की सीट उचलली जाते. स्टिअरिंगच्या आतून नव्हे, त्याच्या वरून रस्ता दिसला पाहिजे. डोकं आणि छत यांत मूठभर तरी जागा राहू द्या. सीट उचलली की पाय पेडलपासून थोडे लांब जातात, म्हणून अंतर पुन्हा एकदा तपासा. गाडीत ही सोय नसेल तर बुडाखाली घट्ट, न घसरणारी गादी चालेल. मऊ, गुळगुळीत उशी नको. जोरात ब्रेक लागला तर तिच्यासकट आपण बेल्टखालून पुढे घसरतो.

तिसरं, पाठ. आरामखुर्चीसारखी मागे टाकलेली नको आणि शाळेच्या बाकासारखी ताठही नको. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं की बरोबर. मग हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरले की कोपर आपोआप वाकतात आणि खांदे भरून येत नाहीत. कंबरेला पोकळी वाटत असेल तर छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा. सोफ्याची उशी सोफ्यावरच राहू दे.

चौथी गोष्ट आपल्या उंचीच्या बायकांसाठी फार महत्त्वाची. भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांत ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती फुगा आहे म्हणून मऊ असेल असं समजू नका. पापणी लवायच्या आत ती केवढ्या तरी जोराने बाहेर येते. आपण स्टिअरिंगला चिकटून बसलो असू तर वाचवणारी तीच आपल्याला इजा करते. म्हणून स्टिअरिंगचा मध्य आणि आपल्या छातीचं हाड यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. मोजायला टेप कशाला? एक वीत आणि वर चार बोटं. पाय पोचवण्यासाठी सीट पुढे घेतल्यावर एवढं अंतर उरत नसेल तर पाठ जराशी मागे टाका. स्टिअरिंगखाली छोटा खटका असतो, तो सोडला की स्टिअरिंग वरखाली होतं, काही गाड्यांत पुढे-मागेही. ते असं लावा की त्याचं तोंड आपल्या चेहऱ्याकडे नाही, छातीकडे राहील, आणि वेगाचा काटाही दिसेल. खटका परत घट्ट बसवायला विसरू नका.

पाचवी, डोक्यामागची उशी. ही झोपायला दिलेली नसते. मागून धडक बसली की मान झटक्याने मागे जाते, ती अडवायला असते. मागून बसलेल्या धडकेत मानेचं दुखणं बायकांना जास्त होतं, स्वीडनच्या त्या बाहुलीचा जन्मच त्यासाठी झाला. उशीचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याएवढा, निदान कानाच्या वर हवा आणि डोक्याच्या मागे अगदी जवळ हवी. आता आपली खरी अडचण. अंबाडा! तो टोचतो म्हणून आमच्या एका मैत्रिणीने उशीच काढून डिकीत टाकली होती. बाई गं, उशी नको काढू, अंबाडा खाली बांध नाहीतर वेणी घाल. आणि तो प्लास्टिकचा मोठा क्लचर गाडी चालवताना डोक्याच्या मागे नकोच. धडकेत तोच डोक्यात घुसायचा.

सहावी, बेल्ट. आपण आज लावतो तो तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने आणला आणि कंपनीने तो जगातल्या सगळ्यांना वापरायला मोकळा केला. एवढ्या उदारपणे दिलेली गोष्ट आपण पोलीस दिसला की ओढून घेतो! खालचा पट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून, छातीच्या मधून. मानेला घासत असेल तर दाराशेजारच्या खांबावरचा खटका दाबून तो खाली घ्या. घासतो म्हणून काखेखालून मुळीच घेऊ नका, बरगड्या जातील. साडी असेल तर पदर आधी पिन लावून चापून घ्या, निऱ्यांचा बोंगा सपाट करा आणि बेल्ट सगळ्याच्या वरून लावा. गरोदर बाईने तर बेल्ट लावायलाच हवा. खालचा पट्टा पोटाच्या खालून, वरचा पोटाच्या बाजूने. बेल्ट न लावता गाडीची टिकटिक तेवढी बंद करणारे खोटे हुक बाजारात मिळायचे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ते विकणं थांबवायला लावलं. तुमच्या गाडीत असेल तर आजच कचऱ्यात टाका.

आता आरसे. आतल्या आरशात टिकली नाही, मागची पूर्ण काच दिसली पाहिजे. मान न वळवता, नुसती नजर उचलून. त्याच्या खाली छोटी पट्टी असते. रात्री मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांत घुसले की ती ओढा, उजेड मंद होतो. बाहेरच्या दोन्ही आरशांत आपल्या गाडीची अगदी बारीक कड दिसू द्या, बाकी सगळा रस्ता. अर्धा आरसा आपल्याच दाराने भरला तर काय उपयोग? एवढं करूनही मागच्या कोपऱ्यातली मोटरसायकल कधीकधी आरशात येतच नाही. म्हणून लेन बदलताना, दार उघडताना, मान वळवून बघायचंच.

शेवटी बसल्या जागेवरून सगळ्या बटणांवर हात फिरवून घ्या. हॉर्न, वायपर, दिव्याचा डिपर, चारही दिवे एकदम लुकलुकवणारं लाल त्रिकोणाचं बटण. आपल्या स्वयंपाकघरात वीज गेली तरी काड्यापेटी सापडते की नाही? तसं हे अंधारात सापडलं पाहिजे. पावसात काच आतून धुरकट झाली तर पदराने पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडायचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास शून्य, एक, दोन असे आकडे असलेली छोटी चकती असते. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक उचललं जातं आणि आपले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. ती चकती फिरवली की दिवे खाली येतात. ही चकती कशासाठी असते हे आमच्या ह्यांनाही माहीत नव्हतं!

आणि पायाखाली काही नको. गडगडणारी पाण्याची बाटली ब्रेकखाली अडकली की ब्रेक लागत नाही. एकावर एक दोन मॅट नकोत. उंच टाचा आणि सपाता काढून मागे ठेवा, घट्ट बसणारी सपाट चप्पल किंवा बूट घाला. सवयीने डावा पाय क्लचवर टेकून ठेवू नका, डावीकडे तळाशी त्याच्यासाठी जागा असते. लांबचा प्रवास असेल तर दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करा.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढं रोज कोण करतं? खरं आहे, रोजचा प्रश्न होताच. तो आमच्या गटातल्या मैत्रिणींनीच सोडवला. एका रविवारी आम्ही शाळेच्या मैदानावर चार-पाच गाड्या उभ्या केल्या आणि एकेकीला बसवून तिचं माप घेतलं. मग सीट पार मागे नेऊन खटके मोजले. माझी सीट मागून सहा खटके पुढे. ह्यांची दोन. आकडे वहीत लिहिले, आणि एक चिठ्ठी गाडीच्या कप्प्यात ठेवली. आता मी उतरले की हे बसतात आणि चार खटके मागे घेतात. दहा सेकंदांचं काम. 'माझी सीट कुणी हलवली' ही हाक बंद झाली, कारण सीट कुणाची, याचं उत्तर आता घरात सगळ्यांना माहीत आहे. जो चालवेल, त्याची. जी चालवेल, तिची.

आमच्या ह्यांना गंमत वाटली. पण परवा त्यांनी पुण्याहून आलेल्या भाचीला किल्ली देताना मी न सांगता म्हटलं, "आधी सीट तुझ्या मापाची करून घे, मग निघ." मला त्या रिक्षावाल्याची आठवण झाली. भर चढावर भांडायचं सोडून त्याने माझ्या पायांकडे पाहिलं होतं.

मैत्रिणींनो, गाडी शिकायला आपल्याला किती वर्षं लागली! घरच्यांची मनं वळवली, क्लासची फी साठवली, गल्लीतल्या हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं. एवढं करून मिळवलेल्या जागेवर पाहुण्यासारखं काठावर बसू नका. नीट, मागे टेकून, आपल्या मापाने बसा. उद्या किल्ली हातात घ्याल तेव्हा गाडी सुरू करण्याआधी हात सीटखाली घाला. दांडा तिथेच आहे.